सव्वा पिक्सेलची शिरोरेखा

‘पिक्सेल’ हा शब्द ‘पिक्चर’ आणि ‘एलिमेंट’ या इंग्रजी शब्दांच्या जोडातून बनला असून, १९६५ साली अमेरिकेतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या फ्रेडरिक बिलिंग्ज्ली यांच्या लेखनात तो प्रथम छापला गेला. चित्राचा सर्वांत लहान, एकच रंगमूल्य असलेला घटक एवढाच त्याचा अर्थ आहे. मात्र पडद्यावरील चित्र मोठे केले की चौकोन दिसू लागतात, त्यामुळे पिक्सेल म्हणजे चौकोनच असा समज रूढ झाला, आणि १९९५ साली संगणकचित्रणाचे तज्ज्ञ अल्वी रे स्मिथ यांना तो खोडून काढताना पिक्सेल हा विशिष्ट जागी घेतलेला नमुना असतो, असे बजावावे लागले.

पडद्यासाठी देवनागरी अक्षरे घडवणाऱ्याला हा भेद शिरोरेखेपाशी जाणवतो. आराखड्यातील शिरोरेखा सव्वा पिक्सेल जाड ठरली, तर एक ओळ पूर्ण काळी आणि शेजारची ओळ फिकट करडी उमटते. कडेच्या पिक्सेलला रेषेने व्यापलेल्या भागाच्या प्रमाणात करडी छटा देण्याच्या या युक्तीला अँटी-अलायझिंग म्हणतात. ‘व’च्या गोलाईला ती उपकारक ठरते, पण आडव्या शिरोरेखेखाली तीच छटा शब्दभर धुरकट सावलीसारखी पसरते. क्लिअरटाइपसारख्या तंत्रांत पिक्सेलमधील लाल, हिरव्या व निळ्या पट्ट्या स्वतंत्रपणे वापरल्या जातात; पण त्या आडव्या दिशेने शेजारी शेजारी असल्याने तो लाभ उभ्या कान्याला मिळतो, शिरोरेखेला नाही.

म्हणून ‘हिंटिंग’, म्हणजे लहान आकारात रेषा पिक्सेलच्या ओळीवर नेमकी बसवणाऱ्या, फॉन्टमध्येच लिहिलेल्या सूचना, हा या कारागिरीचा जिकिरीचा भाग ठरतो. ‘मूर्ती’सारख्या शब्दात वर वेलांटी व रफार आणि खाली ऊकार यांना जागा दिल्यावर अक्षराच्या अंगाला थोड्याच ओळी उरतात. त्यातच आकार एका पायरीने वाढवताना शिरोरेखा एका ओळीवरून दोन ओळींवर गेली, तर अंग जवळपास तेवढेच राहून माथा एकदम दुप्पट जड होतो. ही उडी कोणत्या आकाराला घ्यायची, हे कारागिराची नजरच ठरवते.

आजच्या मोबाइलवर वेबपानाच्या मापातील एक पिक्सेल पडद्यावरील दोन-तीन पिक्सेलच्या रुंदीएवढा असतो, त्यामुळे सव्वा पिक्सेलची रेषा तेथे बहुतांशी सव्वाच उमटते. जुन्या मॉनिटरवर मात्र तो पाव पिक्सेल ठेवायचा की टाकायचा, हे अजूनही ठरवावे लागते.