रैवतकाच्या पायथ्याशी

बडोद्याकडील मराठी मंडळी जुनागढच्या गिरनारवर जातात ती दत्तपादुकांच्या दर्शनासाठी. पायऱ्या सुमारे दहा हजार. २०२० पासून अंबाजीच्या टप्प्यापर्यंत रोपवेही आहे. आम्हीही त्याच ओढीने गेलो. पण वाटेत अशोकाच्या शिलालेखापाशी क्षणभर विसावलो असता आठवण झाली ती सुभद्रेची. परंपरा ज्याला रैवतक म्हणते, तो हाच पर्वत.

महाभारतात अर्जुनाने हरणासाठी स्थळ आणि वेळ किती नेमकी साधली! मृगयेच्या मिषाने रथ सज्ज केला; सुभद्रा रैवतकाची पूजा करून, त्याला प्रदक्षिणा घालून द्वारकेकडे परतत होती, तेव्हा तिला रथात घेतले. युधिष्ठिराची अनुज्ञा आधीच दूतांकरवी मिळवलेली. श्रीकृष्णाचा तर सल्लाच होता. सुभद्रेला विचारल्याचा उल्लेख मात्र तिथे नाही.

ही उणीव आपल्या रंगभूमीने भरून काढली. १८८२ साली रंगमंचावर आलेल्या ‘संगीत सौभद्रा’त अण्णासाहेब किर्लोस्करांची सुभद्रा मुळातच अर्जुनावर अनुरक्त आहे, तिला नको आहे तो बलरामाने योजिलेला दुर्योधन. कथा तीच, पण आता ती सुभद्रेचीही झाली.

घरच्यांना न सांगता लग्न करू निघालेल्यांनी डोंगर खुशाल रम्य निवडावा. मात्र रथात ती आपल्या मनाने चढली आहे ना, हे आधी पाहावे.