दोघांची पौषातली फेरी

वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडातला सोळावा सर्ग जवळजवळ सगळा थंडीचा आहे. शरद सरला आहे, हेमंत लागला आहे आणि भल्या पहाटे राम, सीता आणि हातात कलश घेतलेला लक्ष्मण पंचवटीतून गोदावरीवर स्नानाला निघाले आहेत. चालता चालता लक्ष्मण बोलू लागतो. धुक्यातला चंद्र त्याला श्वासाची वाफ धरलेल्या आरशासारखा दिसतो. तहानलेला हत्ती पाण्याला सोंड लावतो आणि गारठ्यानं चटकन मागे घेतो. पाणपक्षी काठावर बसून राहतात, पाण्यात उतरत नाहीत. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, बोलणं घराकडे वळतं. भरतही या वेळी शरयूवर निघाला असेल; एवढा सुखात वाढलेला तो, या गारठ्यात पाण्यात कसा उतरत असेल? भरतावरून विषय कैकेयीवर येतो, लक्ष्मणाचा स्वर चढतो, आणि राम त्याला थांबवतो: मधल्या आईला नावं ठेवू नकोस, भरताविषयीच बोल. नदी येईपर्यंत घरातलं प्रेम, घरातला राग आणि त्या रागाला घातलेला आवर, सगळं बोलून झालेलं असतं. ऋतुवर्णन म्हणून हा सर्ग वाखाणला जातो, ते योग्यच आहे. पण कुटुंब थंडीत चालायला निघालं की काय घडतं, याचा इतका नेमका दाखला मला दुसरीकडे दिसलेला नाही. निवृत्त होऊन नाशिकला परतलेल्या जोडप्यांनी हिवाळ्यात रोज एकत्र फिरायला जावं, हा सल्ला डॉक्टर देतातच. माझं म्हणणं त्याहून थोडं पुढचं आहे. ही फेरी घराबाहेरचा विरंगुळा नव्हे, ती त्या दोघांच्या संसाराचाच भाग आहे. आणि मुला-नातवंडांबरोबरचा जो वेळ त्यांना हवा असतो, त्याची तयारीही तिथेच होते.

नाशिकची थंडी अशा फिरण्याला सोयीची आहे, यात कौतुकाइतकाच भूगोलही आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेला, उत्तरेच्या कोरड्या वाऱ्यांना मोकळं. पावसाळा गेला की आकाश निरभ्र होतं आणि रात्री जमिनीची ऊब भराभर निघून जाते. निफाडच्या पट्ट्यात तर डिसेंबर २०१८च्या अखेरीला पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. अशा दिवसांत गोल्फ क्लबच्या मैदानावर, कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर, गंगापूर रोडवरून सोमेश्वरच्या बाजूला आणि पांडवलेणीच्या पायऱ्यांवर कानटोप्या, मफलर आणि साडीवर चढवलेले स्वेटर दिसू लागतात. त्यांत नाशिकरोडच्या प्रेसमधून, ओझरच्या एचएएलमधून, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले आहेत; आणि उमेदीची तीसेक वर्षं मुंबईत, पुण्यात, बडोद्यात किंवा आखातात काढून परत आलेलेही आहेत. या परत आलेल्यांचा प्रश्न वेगळा असतो. फ्लॅटचा ताबा एका सहीनं मिळतो, गाव मात्र तसं मिळत नाही. पंचवटीतले वाडे पाडून इमारती झालेल्या असतात, ओळखीचा दुकानदार जाऊन त्याचा नातू गल्ल्यावर बसलेला असतो, शाळासोबती पांगलेले असतात. गाडीच्या काचेतून हे गाव पुन्हा ओळखीचं होत नाही. रोज त्याच रस्त्यानं, त्याच वेळी, सावकाश पायी गेलं तर दोन-तीन महिन्यांत भाजीवाली मान हलवू लागते, समोरून येणारं जोडपं थांबून चौकशी करतं, कुठल्या आवारात बुचाचं झाड आहे ते कळतं. परतणं खऱ्या अर्थानं पुरं होतं ते असं, आणि त्याला हिवाळ्याचे हे चार महिने पुरतात.

पण फेरी दोघांची हवी, असा आग्रह का? एकट्यानं चालूनही गाव कळतंच. याचं उत्तर निवृत्ती कुणाची होते, या प्रश्नात आहे. राज्य सरकारी नोकराला बहुधा ५८व्या वर्षी निरोपाचा हार मिळतो, केंद्राच्या नोकराला ६०व्या वर्षी. स्वयंपाकघरातून निरोप देणारं खातं नाही. २०१९ साली देशभर झालेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं. घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७ मिनिटं, आणि मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरातले २६च. नवरा निवृत्त होऊन दिवसभर घरी राहू लागला की तिचं काम कमी होत नाही. दोन वेळचा चहा वाढतो, दुपारचं गरम जेवण वाढतं. ती स्वतः नोकरी करत असेल, तर दोन कामांपैकी एकातूनच ती निवृत्त होते. म्हणून सकाळचा तो एक तास मला मोलाचा वाटतो. दोघांच्याही हातात काम नसतं, असा दिवसातला बहुधा तो एकच तास. घरात नवरा-बायको बोलतात ते सिलिंडर, लाइट बिल, औषधाची चिठ्ठी यांच्या आडून. चालताना नजर समोर असते, पाय कामात असतात, त्यामुळे गप्प राहणंही जड होत नाही आणि बरीच वर्षं राहून गेलेला विषय निघाला तरी एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. लक्ष्मणाच्या तोंडून कैकेयीबद्दलचा राग निघाला तो पर्णकुटीत नव्हे, वाटेवर. मात्र यासाठी पावलं बरोबर पडायला हवीत. नवरा दहा पावलं पुढे, हात जोरानं हलवत, आणि बायको मागे चप्पल सावरत, असं चित्र ट्रॅकवर पुष्कळदा दिसतं. ते दोघं एका रस्त्यावर आहेत, एका फेरीत नाहीत. आणि परतल्यावर ती थेट ओट्याशी आणि तो वर्तमानपत्राशी, असं होणार असेल, तर तो तासही तिनं आधी उठून, कणीक मळून ठेवून उसना घेतलेला असतो. फेरीनंतरचा चहा त्यानं करायचा, ही या सगळ्या विचारातली सर्वांत व्यावहारिक अट आहे.

यावर पहिला आक्षेप वैद्यकाचा आहे आणि तो हलका नाही. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात वाढतात. शिवाय वारा पडलेल्या पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत बसून राहतो आणि धूर त्यात अडकतो; राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात ज्या शहरांची हवा सुधारायची आहे त्यांत नाशिकचं नाव आहे. मग साठी-सत्तरीतल्या माणसांना पहाटे बाहेर काढायचं कशाला? खरंच काढू नये. पहाटे पाचचा हट्ट नोकरीच्या दिवसांचा आहे, आठची पाळी गाठायची असे तेव्हाचा. आता ऊन अंगावर आल्यावर, आठ-साडेआठला निघायला कुणाची हरकत आहे? हेमंतात दिवस वर आल्यावर हिंडणं सुखाचं असतं, हे लक्ष्मणानंही त्याच सर्गात सांगून ठेवलं आहे. दुसरा हट्ट दहा हजार पावलांचा. हा आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून आला, संशोधनातून नव्हे. २०१९ साली सरासरी ७२ वर्षांच्या अमेरिकन स्त्रियांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं, आणि ७,५००च्या पुढे जास्तीचा फायदा दिसला नाही. म्हणजे गुडघा धरलेल्या माणसाच्या चालीनं दोघांनी चाललं, तरी आरोग्याचं फारसं काही बुडत नाही. पुढे धावण्याचं कारणच उरत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. हे सगळं पेन्शनवाल्यांचं सुख आहे, असं कुणी म्हणेल, आणि ते बहुतांशी खरं आहे. ज्या थंडीत शहरातली जोडपी ऊन खात चालतात, त्याच थंडीत दिंडोरी-निफाडचा द्राक्ष बागायतदार मणी तडकतील म्हणून रात्री बागेत शेकोट्या पेटवतो, ठिबक सोडतो. सत्तरीतली आजी उन्हाळ कांद्याच्या लागवडीला मजुरीनं वाकलेली असते. तिला निवृत्ती नाही आणि फेरीची गरजही नाही, कारण दिवसभर ती पायांवरच असते. पण एकत्र चालण्याची ओढ पेन्शनबरोबर येते, हे मला मान्य नाही. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. भर जानेवारीच्या गारठ्यात नाशिक, नगर आणि खानदेशातून दिंड्या पायी येतात. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, टाळ धरलेले म्हातारे, रात्रीचा मुक्काम कुणाच्या ओसरीवर नाहीतर शाळेत. त्यांत शेतावरचं काम कुणाच्या तरी हवाली करून निघालेली नवरा-बायको असतात. वर्षातले तेवढेच दिवस त्यांचे असतात, आणि ते त्यांनी चालण्यासाठी राखलेले असतात. या यात्रेच्या मुळाशी जी कथा परंपरेनं सांगितली जाते, तीही एका कुटुंबाच्या पायपिटीची आहे. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई चारही मुलांना घेऊन ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करत होते, वाटेत वाघ आडवा आला, पांगापांग झाली, आणि चुकलेला निवृत्ती एका गुहेत शिरला तिथे त्याला गहिनीनाथ भेटले. समाजानं वाळीत टाकलेल्या त्या आईबापांकडे मुलांना द्यायला फार काही नव्हतं. डोंगराभोवतीची ती वाट त्यांनी दिली, आणि पुढे ज्ञानदेवांपर्यंत जे पोहोचलं ते तिथून निघालं, असं वारकरी मानतात. तेव्हा आक्षेप घेणाऱ्याला माझं एवढंच उत्तर आहे: ही चैन असेल, तर ती सर्वांना मिळावी यासाठी भांडावं. २०२७च्या सिंहस्थासाठी शहरात रस्ते आणि घाट यांची कामं चालली आहेत. त्यांत सलग पदपथ, अंतराअंतरावर पाठ टेकायला बाक आणि सकाळी उघडं, स्वच्छ स्वच्छतागृह असेल, तर धुण्या-भांड्याची कामं करून घरी परतणारी मावशीही नवऱ्याला बाकावर बोलावून घेऊ शकेल. स्वच्छतागृहाविना कित्येक वयस्क बायका घरून पाणी न पिता निघतात किंवा निघतच नाहीत. याकडे नगररचना म्हणून पाहायला हवं.

आता मुलांकडे येऊ. डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याहून, बंगळुरूहून, अमेरिकेतून मुलं येतात आणि घर भरतं. या भरलेल्या घराची वाट वर्षभर पाहिलेली असते, आणि ते चार-आठ दिवस आई ओट्यापाशी उभी राहून काढते. भरीत-भाकरी, हुरडा, तिळाच्या वड्या, मसाल्याची मिसळ; प्रेम सगळं ताटात उतरतं आणि बोलायचं राहून जातं. जाण्याच्या आदल्या रात्री बॅगा भरताना ते सगळ्यांच्या लक्षात येतं. सुट्टीतल्या सकाळी मुलांनी आणि नातवंडांनी आजी-आजोबांच्या फेरीत सामील व्हावं, आणि खाणं रस्त्यात, चुलीवरच्या मिसळीच्या एखाद्या ठिकाणी उरकावं. दोघांची फेरी वर्षभर चालू असेल तरच हे सहज होतं, कारण पाहुण्यांना सामील व्हायला आधी काहीतरी चालू असावं लागतं. त्या दिवशी पांडवलेणी चढावी. सकाळी व्यायामाला चढणारे पुष्कळ जण तिसऱ्या लेण्यातल्या लेखासमोरून तसेच पुढे जातात. तो लेख एका आजीचा आहे. वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी त्याची आजी गौतमी बलश्री हिनं ते लेणं भिक्षूंना दान दिलं. महाराजांची आई आणि महाराजांची आजी, अशी तिनं स्वतःची ओळख कोरवून घेतली आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी तेव्हा हयात नव्हता, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. त्यानं जिंकलेले प्रदेश, मोडलेले शत्रू यांची मोठी यादी लेखात आहे, आणि तिच्यात एक गुण असाही आहे की तो आईच्या सेवेत कधी उणा पडला नाही. नातवाच्या काळात, नातवाच्या नावावर, ती त्याच्या बापाविषयी सांगते आहे. नातवंडांना आजीकडून दुसरं काय हवं असतं? बाप लहानपणी कसा होता, हे आजीशिवाय कुणाला ठाऊक नसतं. व्हिडिओ कॉलवर तब्येत विचारली जाते, मार्क विचारले जातात, पण ही गोष्ट तिथे निघत नाही. ती निघायला पायऱ्यांवर दम खात बसलेली आजी आणि शेजारी बसलेलं, फोन खिशात ठेवलेलं मूल लागतं.

मुलगा-सून जवळच राहतात त्यांची अडचण उलटी. सकाळ म्हणजे डबे, शाळेची बस, सुनेच्या ऑफिसची घाई. त्या वेळी सासू-सासरे फिरायला गेले तर घरातले दोन हात कमी होतात. ही तक्रार खरी आहे. फेरी साडेआठनंतर नेली की ती बरीच मिटते, आणि उरते तेवढ्यासाठी मुलानं अर्धा तास आधी उठावं. जोडप्यातलं एक जण मागे राहिल्यावर काय, हा प्रश्न वेळापत्रकानं सुटणारा नाही. ज्येष्ठ नागरिक संघाच्या कट्ट्यावर एकटे आजोबा येतात, चहा पितात, सहलीला नाव देतात. एकटी राहिलेली बाई बहुधा फिरायलाच येईनाशी होते. तिचं बाहेर पडणं नवऱ्याच्या सोबतीनं होतं, आणि सोबत गेली की वाटही गेली असं सगळे धरून चालतात, तीही. म्हणून दोघांच्या फेरीत पहिल्या हिवाळ्यापासूनच शेजारच्या बायका याव्यात, तिच्या स्वतःच्या ओळखी व्हाव्यात, तिच्या पायात चपलेऐवजी तिच्या मापाचे बूट असावेत, घराची एक किल्ली तिच्याकडे राहावी. सुट्टीत आलेल्या लेकीनं किंवा मुलानं एका सकाळी त्या मैत्रिणींची ओळख करून घ्यावी आणि त्यांचे नंबर फोनमध्ये टिपून ठेवावेत. पुढे कधी आईची फेरी बंद पडलेली कळली, तर कुणाला फोन करून तिला बाहेर काढायचं ते त्यांना माहीत असेल.