विजेची करवत आणि मिटणारा काप

हातकरवतीने फळी चिरताना लाकडाविषयीची बरीचशी माहिती सुताराला मनगटातून मिळते. गाठ आली की करवत अडखळते, तंतू तिरके झाले की पाते रेषेबाहेर ओढू लागते, आणि काप, म्हणजे दात्यांनी लाकूड खाऊन मागे सोडलेली अरुंद फट, मिटू लागला की करवत जड होऊन थांबते, त्यामुळे काय बिघडले ते पाहून फटीत पाचर मारायला अवधी राहतो. विजेच्या गोल करवतीने श्रम वाचवले, पण हा अवधीही काढून घेतला. १८५ मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ५,००० फेरे घेते तेव्हा त्याच्या दात्यांचा वेग ताशी १७० किलोमीटरच्या वर जातो, आणि एवढ्या वेगात काही बिघडल्याची जाणीव हाताला होईपर्यंत व्हायचे ते होऊन गेलेले असते. म्हणून या यंत्राच्या सुरक्षिततेचा विचार बटण दाबण्याच्या आधी, कापताना लाकूड कोणीकडे हलेल या प्रश्नापासून सुरू व्हावा लागतो.

या यंत्राचा सर्वांत गंभीर धोका म्हणजे उसळी. मिटत जाणारा काप पात्याला चिमटीत धरतो, मोटर मात्र ते फिरवतच राहते, आणि मग हातात धरलेली करवत कापणाऱ्याच्या दिशेने मागे उडते. टेबलात बसवलेल्या करवतीत पात्याची मागची, वर उठणारी बाजू फळीच उचलून त्याच्या अंगावर फेकते. काप मिटतो तो कधी चुकीच्या आधारामुळे. फळीची दोन्ही टोके टेकूंवर ठेवून ती मधोमध कापली, तर शेवटी दोन्ही तुकडे आपापल्या वजनाने मध्ये खचतात आणि पाते दाबले जाते. याउलट टेकू कापाच्या एकाच बाजूला ठेवून निघणारा लहान तुकडा मोकळा सोडला, तर काप उघडत जातो. कधी मात्र कारण लाकडाच्या पोटात असते आणि ते बाहेरून दिसत नाही. रुंद पानांचे झाड कलते वाढले की कलाच्या वरच्या बाजूला ताणलेल्या तंतूंचे लाकूड तयार होते, तसेच घाईने सुकवलेल्या फळीत बाहेरचा थर आणि गाभा यांच्यात ओढाताण शिल्लक राहते. अशी फळी तंतूंच्या दिशेने उभी चिरली की सुटे झालेले दोन भाग वाकतात, कधी एकमेकांपासून दूर, तर कधी एकमेकांकडे.

यावरचा खरा उपाय जुन्या पाचरीतूनच आलेला आहे. रिव्हिंग नाइफ नावाची पोलादी पट्टी पात्याच्या लगेच मागे, कापाच्या रेषेत उभी असते. ती पात्याच्या पत्र्यापेक्षा किंचित जाड पण कापापेक्षा पातळ असल्यामुळे लाकूड अडवत नाही, मात्र ते मिटूही देत नाही. ही पट्टी काम करताना अडते म्हणून काढून ठेवण्याची सवय, प्रस्तुत लेखकाच्या मते, या व्यवसायातील सर्वांत महागात पडणारी सवय आहे. पात्याच्या रेषेत उभे न राहता किंचित बाजूला उभे राहणे, आणि पाते लाकडाखाली साधारण एका दात्याइतकेच बाहेर येईल अशी खोली बांधणे, ही त्याला जोडून येणारी पथ्ये होत. दात्यांची धारही याच विचारात मोडते, कारण सागवानात सिलिका असते आणि ती धार लवकर मारते. बोथट दाता लाकूड कापण्याऐवजी घासतो, पाते तापते, कापाच्या कडा काळवंडतात, आणि कारागीर नकळत जोर लावू लागतो.

डोळ्यांना चष्मा व कानांना संरक्षण हवे, सैल बाही आणि गळ्यातला गमछा नको, हे सर्वश्रुत आहे. हातमोजेही नकोत, हे मात्र अनेकांना पटत नाही. फिरता दाता मोज्याचे कापड पकडून हात आत ओढतो, तेव्हा मोजा रक्षण करत नाही. पाते बदलताना प्लग काढलेला असावा, आणि बटण सोडल्यावरही पाते काही क्षण फिरत राहते याचे भान असावे.

महाराष्ट्रातील फर्निचरच्या कामावर मात्र पुष्कळदा संगमरवर कापण्याचे चार इंची कटरच लाकडाचे पाते लावून वापरले जाते, आणि ते प्लायवूडच्या तक्त्याखाली उलटे बसवून त्याचीच टेबल-करवत केली जाते. रोजंदारीवर जागा बदलणाऱ्या कारागिराला एकाच यंत्रात सगळे भागवावे लागते, तेव्हा त्याला निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे. पण या जुळणीत काय हरवते ते त्याला कोणीतरी नीट सांगायला हवे. असे कटर मिनिटाला १२,००० ते १३,००० फेरे घेते, म्हणून पात्यावर छापलेली कमाल वेगाची मर्यादा त्याहून जास्त असलीच पाहिजे. शिवाय ते उलटे बसवले की पात्यावर झाकण उरत नाही, रिव्हिंग नाइफ तर नसतेच, आणि बटण अडकवून कायम चालू ठेवलेले असते. वीज गेली की यंत्र थांबते, कारागीर अडकलेला तुकडा काढायला हात घालतो, आणि त्याच क्षणी वीज परत येऊ शकते. वीज गेल्यावर आपोआप तुटणारे आणि पुन्हा दाबल्याशिवाय न जोडणारे नो-व्होल्ट बटण कटरच्या वायरीत बसवले तर हा धोका टळतो. ते तक्त्याच्या पुढच्या कडेखाली, मांडीच्या उंचीवर असावे, म्हणजे दोन्ही हात फळीवर असतानाही गुडघ्याने किंवा मांडीने यंत्र बंद करता येते.