बॉक्स किती लिटरचा?

हिंगोलीत गाडीला वूफर बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, किती इंची? दुसरा, किती वॉटचा? बॉक्स किती लिटरचा, असं सहसा कोणी विचारत नाही. तयार बॉक्स मिळतात, बारा इंची वूफर बारा इंची भोकात बसतो, विषय संपला.

माझ्या धाकट्या भावाचा विषय तिथंच सुरू झाला. तो जुन्या डिझायरवर भाडी मारतो. औंढा नागनाथ, नर्सी नामदेव, नांदेड स्टेशन. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. त्यानं वूफरसोबत आलेल्या कागदाचा फोटो पाठवला आणि फोन केला. "दादा, तू इंजिनिअर हायस. बॉक्स केवढा करू ते सांग. पण माझी डिकी खाऊ नको."

वूफरचा पडदा पुढे हवा ढकलतो, त्याच क्षणी मागची हवा ओढतो. बॉक्स नसेल तर पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात, बेस उरतच नाही. बंद बॉक्स मागची बाजू कोंडतो, आणि ही कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. एडगर व्हिल्चर या अमेरिकन माणसानं १९५४ मध्ये याच स्प्रिंगवर एआर-१ हा स्पीकर बनवला. आकारानं लहान, बेस खोल. पुढे ऑस्ट्रेलियात नेव्हिल थीली आणि रिचर्ड स्मॉल यांनी या सगळ्याचं गणित बसवलं. आज वूफरच्या कागदावर छापलेले आकडे त्या दोघांच्या नावानं ओळखले जातात.

भावाच्या कागदावर त्यातले तीन कामाचे होते. एफएस २८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५, व्हीएएस ६० लिटर. व्हीएएस म्हणजे वूफरच्या सस्पेन्शनइतकीच ताठ असलेली हवा. हिशोब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतो. ६० ला बॉक्सच्या लिटरनं भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. जो आकडा येईल त्यानं क्यूटीएस आणि एफएस दोन्हींना गुणा.

२० लिटरच्या बॉक्सला आकडा येतो २. म्हणजे क्यू ०.९ आणि वूफरचा नवा ठोका ५६ हर्ट्झ. ४१ लिटरला क्यू ०.७१ आणि ४४ हर्ट्झ. ०.७१ ला बेस सपाट राहतो आणि खाली जाताना एकसारखा उतरतो. क्यू वाढला की एका जागी फुगवटा येतो आणि त्याखाली आवाज लवकर गळतो. भाऊ भजनं ऐकतो. लहान बॉक्समध्ये पखवाजाची कणीक लावलेली बाजू नुसती धम् वाजते, तिचा घुमारा मागे राहतो.

खालच्या आवाजाला जागा लागते. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर, आणि भावाची गाडी चार मीटरच्या आत. तो ज्या औंढ्याला भाविक नेतो, त्याच तालुक्यात लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होते आहे, चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंची. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोनं पकडलेली पहिली लहर साधारण ३५ वरून २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली होती. तिचा आवाज करून ऐकवला तर सुरुवात वूफरच्याच हद्दीत होते.

आमचा प्रश्न मात्र डिकीचा होता. आतून ४१ लिटर हवे, तर वूफरनं अडवलेली जागा आणि १८ मिलिमीटर एमडीएफची जाडी धरून बाहेरून बॉक्स ५८ लिटरच्या आसपास जातो. २० लिटरचा असेल तर ३२ च्या थोडा पुढे. फरक एका बऱ्यापैकी बॅगेचा. ३१६ लिटरच्या डिकीत तो किरकोळ वाटेल, पण पाच जणांचं कुटुंब नांदेडहून रेल्वे पकडणार असेल तेव्हा तीच बॅग भाडं ठरवते.

मी म्हणालो, "मग वीसचाच कर. धंदा आधी."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, तुला पुण्यात खोली हाये. मला ही गाडीच हाये."

आमचं घर दोन खोल्यांचं. दिवसाचे बारा तास तो स्टिअरिंगमागे असतो. भाडं सोडून परत येतानाचा रिकामा रस्ता, तेवढाच त्याचा एकांत.

मी पुन्हा हिशोब केला. बंद गाडीत खालचे सूर आपोआप थोडे उचलले जातात, त्यामुळे ४१ चा हट्ट धरायची गरज नव्हती. ३० लिटरला क्यू ०.७८ येतो, ठोका ४८ हर्ट्झ. आत उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस सैलसर भरला की वूफरला बॉक्स आहे त्याहून थोडा मोठा भासतो. बाहेरून ४५ लिटर. सुतारानं सांधे फेव्हिकॉलनं भरले, कारण हवा गळली की स्प्रिंग गेली. बॉक्स चार बोल्टवर बसवला, लग्नसराईत काढता यावा म्हणून.

या लग्नसराईत त्यानं तो काढला नाही. एखादी बॅग मांडीवर घ्यावी लागली, तर भाड्यातले पन्नास रुपये तो स्वतःहून कमी करतो.