बरणीतली बाग

मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. विज्ञानाच्या तासाला सरांनी लंडनच्या डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांची हकीकत सांगितली. १८२९ साली त्यांनी एका पतंगाचा कोष ओल्या मातीत ठेवून बाटली झाकली. काही दिवसांनी त्या मातीतून नेच्याचे आणि गवताचे कोंब वर आले. पाणी न घालता ती रोपे सुमारे चार वर्षे जगली. पुढे झाकण गंजले, पावसाचे पाणी आत शिरले आणि रोपे मेली.

घरी येताच मी अम्मीकडे लोणच्याची रिकामी बरणी मागितली.

"नीट धुऊन घे. मीठ राहिलं तर रोप मरेल," अम्मी म्हणाली.

मी बरणी धुतली. तळाशी बारीक खडी, तिच्यावर कोळशाचे तुकडे आणि वर माती पसरली. त्यात शेवाळ आणि छोटा नेचा लावला. पेलाभर पाणी ओतून झाकण घट्ट लावले आणि बरणी उन्हात ठेवली. आठ दिवसांत पाने काळी पडली, बुरशी आली. मला रडू आले.

"पाणी जास्त झालं आणि उन्हात बरणी भट्टीसारखी तापली," सरांनी समजावले.

दुसऱ्या वेळी मी चारच चमचे पाणी घातले आणि बरणी सावलीत, पण उजेडात ठेवली. सकाळी काचेवर थेंब जमत आणि ओघळून मातीत जात. मुळे तेच पाणी शोषून घेत आणि पानांतून त्याची पुन्हा वाफ होई. गळलेली पाने मातीतच कुजून त्यांचे खत होई.

मे महिन्यात आम्ही नानीकडे गेलो. महिन्याने परतलो तेव्हा गॅलरीतला अम्मीचा मोगरा वाळून गेला होता. अम्मी कुंडीजवळ गप्प बसली. बरणीत मात्र नेच्याला नवे पान फुटले होते.

"आपा, याला पाणी कोणी दिलं?" धाकट्या भावाने विचारले.

"कोणीच नाही. त्याचं पाणी त्याच्याजवळच होतं."

तेव्हा मला अम्मीचे बोलणे आठवले. बरणीत मीठ राहिले असते, तर ते कोठे गेले असते? बाहेर जायला वाटच नव्हती. आपली पृथ्वीही अशीच आहे. तिचे पाणी तिच्यातच फिरते. त्यात आपण जे टाकतो, तेही आपल्याजवळच राहते.