एकच गोळी, दोन केमो

‘व्हिटॅमिननं कधी कुणाचं वाईट झालंय का?’ आईची केमो चालू असताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की मोजणं सोडून दिलं. भेटायला येणाऱ्यांच्या पिशवीत मल्टिव्हिटॅमिन, प्रोटीन पावडर, काही ना काही असायचंच. शेजारच्या काकू फॉलिक अ‍ॅसिडची उरलेली स्ट्रिप घेऊन आल्या. काकांना फुप्फुसाचा कॅन्सर होता. केमोच्या काळात ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. काकूंचं खरंच होतं. आईच्या डॉक्टरांनी मात्र स्ट्रिप बघून सरळ ‘नको’ म्हटलं.

एकाला सक्तीची गोळी दुसऱ्याला बंद? इंजिनिअरच्या डोक्याला हे पटेना, म्हणून वाचायला बसलो.

गोष्ट सुरू होते मुंबईत. 1928 साली ल्युसी विल्स ही ब्रिटिश डॉक्टर इथे आली. गिरणी कामगार असलेल्या गरोदर बायकांच्या अ‍ॅनिमियाचं कारण ती शोधत होती. यीस्टच्या अर्कातल्या कशानं तरी त्यांचं रक्त सुधारतं, हे तिला दिसलं. तेच पुढे फोलेट ठरलं. पेशीला नवा डीएनए बनवायला ते लागतं.

पण ते कॅन्सरच्या पेशीलाही लागतं. ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक अ‍ॅसिड दिल्यावर आजार उलट वाढतोय, असं बॉस्टनच्या सिडनी फार्बरना वाटलं. मग त्यांनी फोलेटचं काम अडवणारं अमिनोप्टेरिन वापरलं. ते आपल्या भीमावरमच्या यल्लाप्रगडा सुब्बारावांच्या चमूनं अमेरिकेत तयार केलं होतं. 1948 साली फार्बरनी निष्कर्ष छापले: 16 पैकी 10 मुलांमध्ये सुधारणा, तात्पुरती का होईना.

काकांचं पेमेट्रेक्सेड याच घराण्यातलं. त्याच्या सुरुवातीच्या चाचण्यांत काही रुग्ण औषधाच्या विषारीपणानंच दगावले. ज्यांच्या रक्तात होमोसिस्टीन जास्त, म्हणजे साधारणपणे फोलेट किंवा बी-12 कमी, त्यांना धोका जास्त होता. म्हणून रोज 350 ते 1000 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आणि दर 9 आठवड्यांनी बी-12चं इंजेक्शन सुरू झालं. त्रास खूप कमी झाला आणि औषधाचा गुण टिकला.

आईचं कॅपेसिटॅबिन वेगळं. शरीरात त्याचं 5-एफयू होतं. डीएनएसाठी लागणाऱ्या एका एन्झाइमला ते जखडतं, आणि ही पकड घट्ट करायला फोलेटच मदत करतं. 5-एफयूचा जोर वाढावा म्हणून डॉक्टर कधीकधी त्यासोबत फोलेटचंच एक रूप, ल्युकोव्होरिन, मुद्दाम देतात. पण तेव्हा डोस त्या हिशेबानं ठरवलेला असतो. घरच्या घरी वरून गोळी घेतली, तर तोच जोर तोंडातल्या आणि आतड्यातल्या निरोगी पेशींवरही पडतो. तोंड येतं, जुलाब लागतात, आणि जुलाब जिवावरही बेतू शकतात.

म्हणजे काकांना ढाल असलेली गोळी आईच्या बाबतीत तलवारीला धार लावणारी होती.

काकूंना हे समजावून सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ती स्ट्रिप म्हणजे त्यांची माया होती, आणि मायेला ‘नको’ कसं म्हणायचं? मी एवढंच म्हटलं, “काकू, काकांचं औषध वेगळं होतं.” त्यांनी मान हलवली आणि आईला भात कालवून दिला.

तुमच्या घरी कुणाची केमो चालू असेल, तर एक करा. गोळ्या, पावडरी, काढे, जे जे पोटात जातं त्याची यादी फोनमध्ये लिहा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर धरा. डॉक्टरांनी दिलेलं व्हिटॅमिन मनानं बंद करू नका, आणि न दिलेलं मनानं सुरू करू नका.