चित्र परके, गाणे आपले

जपानी कार्टूनपटांतील गाण्यांवर मी आपल्या पत्रिकेसाठी लिहीत आहे, हे ऐकून आमच्या घरात प्रथम हसूच पिकले. "पोरांच्या करमणुकीवर लेख?" असे यजमान म्हणाले. परंतु ज्यांच्या घरी नातवंडे आहेत त्यांच्या कानांवर ही गाणी दिवसातून दहा वेळा पडत असतात. मूल ज्या गोष्टीत रमते तिच्याकडे वडीलधाऱ्यांनी पाठ फिरवू नये, असे अध्यापक विद्यालयात आम्हांस शिकविले होते. पस्तीस वर्षे मुलांत वावरल्यावर ते मला अधिकच पटले आहे.

जपानमध्ये ही परंपरा ओसामु तेझुका यांच्या 'अ‍ॅस्ट्रो बॉय' या मालिकेने रुजविली. ती १ जानेवारी १९६३ रोजी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. तात्सुओ ताकाई यांनी बांधलेली तिची चाल आरंभी केवळ वाद्यांवर वाजत असे. शब्द मागाहून आले आणि ते लिहिले शुन्तारो तानिकावा या नामांकित कवीने. मुलांसाठीच तर आहे, मग काहीतरी जुळवून द्यावे, असा विचार तेथे झाला नाही, हे मला एक शिक्षिका म्हणून मोलाचे वाटते. पुढे २००३ साली टोकियोच्या ताकादानोबाबा स्थानकावर गाडी सुटण्याची सूचना म्हणून हीच चाल वाजू लागली. चाळीस वर्षांपूर्वीची मुले तोवर पोक्त होऊन त्याच फलाटावर कामाला जाण्यासाठी उभी असतील!

१९७४ साली 'हायडी' आली. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता, संगीतकार ताकेओ वातानाबे. आल्प्स पर्वतातील गुराखी आवाजाला उलटसुलट हेलकावे देत जे गातात, ज्याला योडेल म्हणतात, ते या गाण्यासाठी खुद्द स्वित्झर्लंडमध्ये ध्वनिमुद्रित करण्यात आले. गाण्याचे नाव 'मला सांगा' अशा अर्थाचे आहे, आणि एका लहान मुलीने आजोबांना विचारलेल्या प्रश्नांनी ते भरलेले आहे. प्रश्न विचारणारे मूल आणि उत्तर द्यायला घरात असलेले आजोबा, याहून सुखाचे चित्र दुसरे कोणते?

याच ताकाहातांनी १९७६ साली मार्कोची मालिका केली. मूळ कथा एदमोंदो दे आमिचिस या इटालियन लेखकाच्या १८८६ सालच्या 'हृदय' या पुस्तकातील. जेनोवा शहरातील एका मुलाची आई पोटासाठी समुद्रापार अर्जेंटिनाला चाकरीस जाते. तिची पत्रे थांबतात आणि तो पोर एकटाच तिच्या शोधार्थ निघतो. कथा इटलीत सुरू होते. परंतु कोइची साकाता यांच्या संगीताला पहिल्या भागापासूनच दक्षिण अमेरिकेतील डोंगराळ मुलखाचा सूर आहे. मुलगा अजून घरीच असतो, पण त्याचे मन जेथे गेले आहे तेथले वारे गाण्यात अगोदरच वाहू लागलेले असते. प्रत्येक भागाच्या शेवटच्या गीताचे नाव 'आई, सुप्रभात' असे आहे आणि त्याचे शब्द दिग्दर्शकाने स्वतः लिहिले आहेत.

आता मी माझ्या अनुभवाकडे वळते. १९९३ साली मी ठाण्याच्या एका प्राथमिक शाळेत शिकवीत होते. त्या वर्षी दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'जंगल बुक' दाखवू लागले. १९८९ साली जपानमध्ये तयार झालेली ती मालिका. हिंदीत आणताना मात्र तिच्यासाठी नवे गाणे रचण्यात आले. शब्द गुलजारांचे, चाल विशाल भारद्वाज यांची. सोमवारी वर्गात पाऊल टाकावे तो साठ मुले तेच गुणगुणत असत. मौज अशी की पुस्तक लिहिणारे किपलिंग मुंबईत जन्मलेले, चित्रे काढणारे जपानी, आणि शेरखानाला हिंदीत आवाज देणारे नाना पाटेकर आपल्या मुरूड-जंजिऱ्याचे! माझ्या वर्गातील एकाही मुलाला ही मालिका परदेशी आहे असे वाटले नाही. हे काम चित्रांनी केले नव्हते, गाण्याने केले होते.

१९९६ साली आम्ही आलिया केली. उलपान संपवून मी नेगेवमधील एका शाळेत रुजू झाले. एके दिवशी शिक्षकांच्या खोलीत माझ्या वयाच्या एका सहकारिणीने एक जुने गाणे सुरू केले आणि पाहता पाहता सर्वजणी त्यात सामील झाल्या. कोणाचे आईबाप मोरोक्कोचे, कोणाचे रुमानियाचे. परंतु गाणे सर्वांना मुखोद्गत. दोघींनी तर डोळे पुसले. विचारता कळले की १९८० च्या दशकात, देशात एकच वाहिनी असताना, मार्कोची मालिका येथे 'हा-लेव' म्हणजे 'हृदय' या नावाने दाखविली गेली होती, आणि हे तिचे हिब्रू शीर्षकगीत होते. एकीने मला सोप्या हिब्रूत कथा सांगितली. माझी आई तेव्हा ठाण्यास होती. पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत महिना उलटत असे. आईच्या पत्राची वाट पाहणाऱ्या मुलाविषयी मला अधिक समजावून सांगण्याची गरज पडली नाही. तथापि त्या सर्वजणी गात होत्या आणि मी ऐकत होते, हे अंतर मला त्या क्षणी फार जाणवले. कथा कोणालाही कळते. गाणे मात्र ज्याच्या बालपणात वाजले त्याचेच असते.

कथेच्या ऐन मध्यावर येणाऱ्या संगीताचाही येथे उल्लेख केला पाहिजे. ताकाहातांच्याच 'काजव्यांची समाधी' या १९८८ सालच्या चित्रपटात १९४५ च्या युद्धात अनाथ झालेल्या भावाबहिणीची कथा आहे. अखेरीस धाकटी बहीण उपासमारीने जाते. पलीकडच्या घरात परतलेल्या मुली ग्रामोफोन लावतात, आणि 'होम, स्वीट होम' हे जुने इंग्रजी गीत ऐकू येते. त्या सुरांवर ती चिमुरडी एकटीच खेळत असल्याची चित्रे आपण पाहतो. गंमत अशी की हे गीत जपान्यांना परके नाही. १८८९ सालीच जपानी शब्द घालून ते तेथील शालेय गीतसंग्रहात घेतले होते. म्हणजे दुसऱ्याचा सूर घेऊन त्यावर आपले शब्द चढविण्याची विद्या जपान्यांनीही शाळेच्या बाकावरच गिरविलेली.

ही विद्या आमच्या घरातही आहे, हे मला अलीकडे कळले. वडिलांच्या मागे माझी आई आमच्याकडे राहावयास आली. आता तिने ऐंशी ओलांडली आहे. तिला हिब्रू येत नाही. माझ्या पाच वर्षांच्या नातीला मराठी येत नाही. दोघी एका कोचावर बसतात, एकमेकींचे हात धरतात, परंतु बोलणे खुंटते. नातीचा आवडता चित्रपट हायाओ मियाझाकींचा 'माझा शेजारी तोतोरो'. १९८८ सालच्या या चित्रपटाच्या आरंभी 'फेरफटका' या अर्थाचे कूचगीत आहे. चाल जो हिसाइशी यांची, शब्द रिएको नाकागावा यांचे. या बाई बालशाळेत शिकवीत असत, आणि ते त्या शब्दांवरून ओळखू येते म्हणतात. एकदा आईने त्या चालीवर टाळ्या वाजवीत आपल्या कोकणातील गावांची नावे म्हणावयास प्रारंभ केला : पेण, रोहा, थळ, किहीम, नागाव, चौल! नात पाय आपटीत दिवाणखान्यात फिरू लागली. तिसऱ्या फेरीला ती थांबली आणि मला हिब्रूत म्हणाली, "पेण? म्हणजे वरच्या मजल्यावरचे पेणकर?" मी होय म्हटले. मग किहीमकर कोण, रोहेकर कोण, याची चौकशी सुरू झाली, आणि मी दुभाषी होऊन पणजी व पणती यांच्यामध्ये बसले. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे शिक्षणशास्त्रातील सूत्र मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिले असेल. आईने ते न वाचता आचरून दाखविले.

विचार केला तर यात नवीन ते काय? १८८० च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांनी आपल्या समाजात कीर्तनाची प्रथा सुरू केली, तेव्हा योसेफाची व मोशेची कथा साकी आणि दिंडीच्या चालींवर मराठीत उभी राहिली. मूळ ग्रंथ हिब्रू, परंतु तो आपल्या आज्यांच्या हृदयात उतरला तो मराठी गाण्याच्या द्वारे. आज दिशा पालटली आहे, एवढेच. मुलांजवळ चाली भरपूर आहेत. शब्द द्यावयाचे आहेत ते आपण.

म्हणून वाचक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. नातवंडे कार्टून पाहत असता 'बंद करा' म्हणण्यापूर्वी त्यांच्याजवळ घटकाभर बसावे. कोणती चाल त्यांच्या ओठांवर आहे ते ऐकावे आणि तिच्यावर चार मराठी शब्द ठेवून पाहावे. भाजीची नावे चालतील, नात्यांची चालतील, गावांची तर उत्तमच. व्याकरण मागाहून येईल. आपल्यानंतर मराठी बोलणारे कोण उरेल, या चिंतेने आपण सभांतून पुष्कळ भाषणे केली. मुलांनी ती ऐकली नाहीत. गाणे मात्र ती ऐकतात, आणि एकदा ऐकलेले जन्मभर जवळ बाळगतात.